सोडल्यानंतरची घार

संक्रांतीच्या आसपास आमच्या केंद्रात घारी येऊ लागतात. पंखाच्या पुढच्या कडेला कातडीचा जो पातळ पडदा असतो, तो मांज्याने चिरलेला असतो. टाके, मलमपट्टी, मग मोठ्या पिंजऱ्यात उडण्याचा सराव. एके सकाळी खोक्याचं झाकण उघडतं, घार वर जाते, आम्ही टाळ्या वाजवतो आणि नोंदवहीत ‘सोडली’ असं लिहून मोकळे होतो.

त्या क्षणाचा आनंद खरा असतो. पण पिंजऱ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जाणं वेगळं आणि दिवसभर घिरट्या घालून पोट भरणं वेगळं. शिवलेल्या पंखाला ते जमलं का, हे कळायला पायात रिंग हवी. क्रमांक कोरलेला हलका वाळा, पायावर फिरेल इतका सैल, पंज्यावरून निसटणार नाही असा. आपल्याकडे त्यासाठी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या (बीएनएचएस) रिंगा असतात आणि वनखात्याची परवानगी लागते. अर्जाचा विषय निघतो नि कामाच्या रगाड्यात मागे पडतो. रगाडा आहेच, पण उत्तराची धास्तीही आहे, हे मला स्वतःपासून लपवता येत नाही.

धास्तीला कारण आहे. अमेरिकेत तेलाने माखलेले समुद्रपक्षी धुऊन, रिंग घालून सोडले जात. 1996 साली त्या नोंदी मांडल्या गेल्या, तेव्हा सापडलेल्यांपैकी बरेच पक्षी सुटकेनंतर थोड्याच दिवसांत मेल्याचं दिसलं. उलट, 2000 साली दक्षिण आफ्रिकेत ‘ट्रेझर’ जहाज बुडाल्यावर सुमारे 19,000 माखलेले पेंग्विन गोळा केले गेले. त्यांतले पुष्कळ पुढे वर्षानुवर्षं जगले, त्यांनी पिल्लंही वाढवली. दोन्ही गोष्टी कळल्या त्या खुणेमुळेच. आणि खूणही निर्दोष नसते: किंग पेंग्विनच्या पंखावरच्या पट्ट्यांचा दहा वर्षांचा अभ्यास 2011 मध्ये आला, त्यात पट्टीवाल्यांचं जगणं 16 टक्क्यांनी आणि पिल्लं 39 टक्क्यांनी कमी भरली. घारीच्या पायातला वाळा म्हणजे ती पट्टी नव्हे, तरी माझ्या समाधानासाठी तिच्या अंगावर काय चढवायचं, याचा विचार मलाच करायला हवा.

रिंग घालावी, असंच माझं मत आहे. उद्या नोंदी सांगू लागल्या की अमुक इतका चिरलेला पंख घेऊन घार जगत नाही, तर दोन महिने तिला पिंजऱ्यात ठेवणं ही दया राहणार नाही. मग आल्या दिवशीच डॉक्टरांना ‘हिला झोपवा’ म्हणावं लागेल. माझा जीव त्याला अजून धजत नाही. तरी यंदा अर्ज मीच लिहायला घेतला आहे.