दोन पायल्या

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आमच्या घरी अजूनही राणीछापाचे पाच रुपये बाहेर निघतात. दुधापाण्याने धुऊन, कुंकू लावून ते चौरंगावर मांडले जातात आणि भाऊबीज झाली की पुन्हा फडक्यात बांधले जातात. पांढुर्णा-सौसरकडच्या बऱ्याच जुन्या कास्तकारांच्या घरी असे दोन-चार कलदार निघतील. आमचे पाच आजीचे. ती होती तोवर पूजेआधी प्रत्येक रुपया पाट्याच्या कडेवर वाजवून पाहायची आणि म्हणायची, "कागदाले कागदच म्हनावं, बापू. रुपया कसा वाजला पायजे."

लहानपणी मला हे म्हातारीचे वेड वाटे. पुढे थोडे वाचन झाले तेव्हा त्या वेडामागचे शहाणपण दिसू लागले. १८३५ साली कंपनी सरकारने जो रुपया पाडला तो बरोबर एक तोळ्याचा होता, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा. त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी. असे ऐंशी रुपये तराजूत घातले की एक शेर भरे. रुपया हा पैसा होता आणि वजनही होता. ज्याला अक्षर येत नव्हते त्यालाही तो हाताने तोलून आणि कानाने ऐकून पारखता येई. सरकारवर विश्वास ठेवण्याची गरजच पडत नसे, निदान आजीला तसे वाटे.

आणि सरकारांनी तरी विश्वास ठेवण्याजोगे काय केले होते? महायुद्धाच्या धामधुमीत, १९४१ ते १९४३ या तीन वर्षांत, राणीचा, एडवर्डचा आणि जॉर्जचा जुना चांदीचा रुपया एकामागून एक चलनातून बाद ठरवला गेला. त्याच्या जागी अर्धी चांदी असलेला रुपया आला आणि १९४७ मध्ये निव्वळ निकेलचा. १९६३ साली सुवर्णनियंत्रण आले आणि कितीतरी सोनारांच्या शेगड्या विझल्या. तो कायदा जायला १९९० साल उजाडले. १९४६ आणि १९७८ साली मोठ्या नोटा रद्द झाल्या. तेव्हा आपल्यासारख्यांच्या घरात त्या नव्हत्याच, म्हणून आपण हसलो. २०१६ साली आपली पाळी आली.

सीमेवरच्या माणसाला तर सरकारी नियंत्रण म्हणजे काय हे कुणी शिकवायला नको. १९७२ पासून महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना होती. तिकडच्या शेतकऱ्याने कापूस सरकारलाच विकायचा. पैसे मिळायचे हप्त्याहप्त्याने. माझे मामा काटोल तालुक्यातले. त्यांच्या शेतातून आमचे शेत बैलबंडीने एका रात्रीचे. मधे एक रेघ होती, ती १९५६ साली कुणीतरी नकाशावर ओढलेली. रेघेच्या अलीकडे व्यापाऱ्याला कापूस विकणे हा धंदा. पलीकडून तोच कापूस आणणे हा गुन्हा. आमच्याकडे भाव चढला की कापूस इकडे येई, उतरला की इकडचा कापूस तिकडे जाई. नाका होता, शिपाई होता. पण पोट आणि भाव यांना नाका अडवू शकत नाही.

एका वर्षी मामांकडे लग्न होते आणि हप्ता आला नव्हता. वडिलांनी त्यांचा कापूस रातोरात आणला, रोख पैसे मोजले. मला तेव्हा अभिमान वाटला होता, की सरकारने अडवलेल्या माणसाला माझ्या बापाने सोडवले. खूप वर्षांनी जुन्या वहीत मी दोन आकडे शेजारीशेजारी पाहिले. एक मामांना दिलेला भाव, दुसरा मंडीत मिळालेला. मधला फरक बंडीभाड्याच्या कितीतरी वर होता. मामांना नड होती आणि ती आम्ही ओळखली होती. ते पुढे कधीच त्याबद्दल बोलले नाहीत.

चांदीकडे परत येतो. आजीला एक गोष्ट ठाऊक नव्हती. १८९३ सालापर्यंत कुणीही आपली चांदी मुंबई-कलकत्त्याच्या टांकसाळीत नेऊन थोडक्या मजुरीत रुपये पाडून घेऊ शकत असे. जगात चांदी स्वस्त होऊ लागली आणि विलायतेला सोन्यात देणे भागवणाऱ्या सरकारची ओढाताण झाली, तेव्हा जून १८९३ मध्ये हे दार लोकांसाठी बंद झाले. त्यानंतर रुपयाचा भाव सरकारने वर धरून ठेवला; आतली चांदी मात्र रुपयापेक्षा कमी किमतीची उरली. आमच्या पाचांपैकी दोन रुपयांवर १९०१ साल आहे. म्हणजे आजी ज्याला वाजवून पाहत होती त्यात थोडी चांदी होती आणि थोडा सरकारचा शब्द. कानाला तो फरक कळत नाही.

हा शब्द ज्यांना महाग पडला ते गरीबच होते. १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे दुष्काळ मध्य प्रांतावर फार क्रूर होते. दुसऱ्याला हिंदी मुलखात आजही 'छपनिया' म्हणतात. बायकांच्या पायांतले तोडे, हातांतले गोठ सराफाकडे गेले. पूर्वी तोळाभर चांदी म्हणजे जवळजवळ एक रुपया. आता तिचा रुपया होईना. घरात साठवलेली पुंजी दूरच्या एका निर्णयाने हलकी झाली होती, आणि पायातला तोडा मात्र तेवढाच जड होता.

मग चांदीही नको, कागदही नको, जुनी देवाणघेवाण बरी, असे म्हणणारे आपल्यात आहेत. धान्य द्यावे, काम घ्यावे. मधे सरकार नको, बँक नको. मलाही हा विचार गोड वाटत असे. नोव्हेंबर २०१६ मध्ये तो करून पाहण्याची वेळ आली. कापसाची वेचणी सुरू होती. पाचशे-हजाराच्या नोटा ८ तारखेच्या रात्री रद्द झाल्या आणि आठवड्याच्या आत जिल्हा सहकारी बँकांनाही जुन्या नोटा घेण्यास मनाई झाली. हप्त्याच्या दिवशी वेचणीच्या बाया अंगणात उभ्या राहिल्या तेव्हा माझ्याजवळ त्यांना देण्याजोगे काहीच नव्हते. आजीचा एक रुपया घेऊन सराफाकडे गेलो, तर तोही म्हणाला, "भाऊ, घेतो, पन पैसे दोन महिन्यानं." खणखणीत नाणे हातात होते आणि बाजारात मुके झाले होते.

शेवटी बायांना म्हटले, मजुरीच्या बदल्यात गहू घ्या. एकीने विचारले, "गहू देता त द्या भाऊ, पन कायनं मोजसान? तुमच्या पायलीनं, का दुकानातल्या काट्यानं?"

मला राग आला. आमच्या घरावर असा संशय! ती वर पाहून एवढेच म्हणाली, "माही माय तुमच्याच वावरात होती."

गहू दुकानातल्या काट्यावर मोजून दिला. रात्री मात्र झोप लागेना. माळ्यावर चढून जुन्या सामानातून पायली काढली. एक नव्हती, दोन होत्या. दोन्हींवर पितळी पट्टी, दोन्ही दिसायला सारख्या. एक भरून दुसरीत ओतली, तर ओंजळभर गहू जमिनीवर सांडला. पेरणीला मजुराला ज्वारी उधार द्यायची ती धाकट्या पायलीने आणि सपाट. खळ्यावर सवाई-दिढीने परत घ्यायची ती थोरल्या पायलीने आणि शिगोशीग. रुपया वाजवून घेणारी माझी आजी ह्या दोन्ही पायल्या ओळखत होती. घरात सगळेच ओळखत असणार.

त्या रात्रीपासून मला हा प्रश्न वेगळा दिसतो. चांदी की कागद, बाजार की सरकार, हे भांडण वरवरचे आहे. खरा प्रश्न एवढाच, की माप कुणाच्या हातात आहे आणि दुसऱ्याला ते तपासता येते की नाही. महागाई वाढू देऊन बचत करणाऱ्याला पंधरा वर्षांनी हलका रुपया परत करणारे सरकार आणि माळ्यावर दोन पायल्या ठेवणारे आमचे घर, यांचे पाप जातीने एकच आहे. घेताना एक माप, देताना दुसरे. सरकारचा हात लांब पोचतो, म्हणून त्याचे पाप मोठे, एवढेच.

आणखी एक गोष्ट त्या बाईने मला शिकवली. तिने ज्या काट्यावर विश्वास ठेवला त्याच्यावर नापतौल विभागाचा शिक्का होता. तो शिक्काही सरकारचाच. म्हणजे गरीब माणसाला सरकार नकोच असते असे नाही. माप राखणारे सरकार त्याला हवे असते. माणूस अडवणारे नको असते. नाक्यावरचा शिपाई आणि काट्यावरचा शिक्का ह्या एकाच राज्याच्या दोन वस्तू आहेत, पण त्या एक नव्हेत. तू कापूस कुणाला विकायचा हे सांगण्याचा अधिकार राज्याला आहे असे मला वाटत नाही. शेर म्हणजे शेरच राहील हे पाहण्याचे कर्तव्य मात्र त्याचे आहे. ज्याने माप राखायचे त्याने ते बदलून स्वतःचा फायदा करू नये, मग तो दिल्लीचा असो की घरचा.

सरकारवरचा अविश्वास आपल्याकडे पुष्कळ आहे आणि त्याला कारणेही पुष्कळ आहेत. पण कित्येकदा तो आपल्याला सोयीचा असतो. सरकार लुबाडते असे म्हणत म्हणत आपण मामांच्या कापसातले मधले पैसे खिशात टाकतो. दूरच्या हातावर संशय घेणारा माणूस जवळच्या हाताचा, म्हणजे स्वतःचा, हिशेब सहसा मागत नाही.

नोटेच्या पाठीवर पंधरा भाषांची ओळ असते, त्यात आपली मराठीही आहे. मंडीच्या चिठ्ठीवर ती नसते, म्हणून आपले डोळे त्या ओळीवर थोडे जास्त रेंगाळतात. पण एखादा शब्द मराठीत लिहिला म्हणून खरा होत नाही, आणि हिंदीत लिहिला म्हणून खोटाही ठरत नाही. तो पाळला गेला तर खरा.

यंदाही पाच रुपये चौरंगावर मांडले जातील. नातू ते वाजवून पाहील, कारण त्याला तो आवाज आवडतो. दोन्ही पायल्या मी माळ्यावरून खाली आणून बैठकीत ठेवल्या आहेत, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतील अशा. कुणी विचारले तर सांगतो. वेचणीच्या बाया आल्या की त्यांनाही त्या दिसतात. त्या काही बोलत नाहीत.