ताईंनी सोडलेला पक्ष

शशिकला काकोडकर गोव्याच्या पहिल्या आणि आजवरच्या एकमेव महिला मुख्यमंत्री. गोव्यात त्यांना सगळे ‘ताई’ म्हणत. त्यांच्या राजकीय आयुष्यातला सर्वांत अवघड निर्णय १९८० सालचा. वडिलांनी उभा केलेला महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष, म्हणजे मगो, सोडून त्या वर्षी त्या काँग्रेसमध्ये गेल्या.

हा पक्ष घराण्याचा वाटला तरी तो तेवढाच नव्हता. ताईंचे वडील दयानंद बांदोडकर, गोव्याचे भाऊसाहेब, यांनी १९६३च्या पहिल्या निवडणुकीत सत्ता मिळवली ती कूळ, मुंडकार आणि एकूण बहुजन समाजाच्या बळावर. गोव्याचे महाराष्ट्रात विलीनीकरण हे पक्षाचे ध्येय होते. १६ जानेवारी १९६७च्या जनमत कौलात ते हरले. तरीही काही आठवड्यांतच झालेल्या निवडणुकीत लोकांनी मगोलाच पुन्हा निवडून दिले. विलीनीकरणाचा प्रश्न निकालात निघाल्यावरही ज्यांनी मगोच्या सिंहाच्या चिन्हावर शिक्का मारला, त्यांचे पक्षाशी असलेले नाते भाटकारापुढे, म्हणजे जमीनदारापुढे, ताठ उभे राहता येण्याचे होते.

१२ ऑगस्ट १९७३ रोजी भाऊसाहेब मुख्यमंत्रिपदावर असतानाच वारले आणि ३८ वर्षांच्या ताई त्या पदावर आल्या. पद वारशाने आले, पण काम त्यांचे स्वतःचे होते. मुंडकार म्हणजे भाटकाराच्या जमिनीत घर बांधून राहणारा माणूस. पिढ्यान् पिढ्या तिथे राहूनही भाटकाराची मर्जी फिरली की त्याच्या डोक्यावरचे छप्पर जाई. १९७५च्या मुंडकार कायद्याने त्याला संरक्षण दिले. पुढच्याच वर्षी कूळ कायद्यात पाचवी दुरुस्ती झाली आणि कसणाऱ्या कुळाला जमिनीचा मालक मानण्यात आले. गोव्याच्या समाजरचनेत इतका खोलवर हात घालणारे कायदे त्यानंतर फार थोडे झाले.

१९७७मध्ये ३० जागांच्या विधानसभेत मगोला १५ जागा मिळाल्या. हे काठावरचे बळ एप्रिल १९७९मध्ये संपले. स्वपक्षाचेच आमदार उलटले, सरकार पडले, राष्ट्रपती राजवट आली. फुटीचा घाव ताईंनी अशा रीतीने स्वतः सोसला होता. म्हणूनच पुढचे वर्ष त्यांच्या चरित्रात अधिक बोचते.

जानेवारी १९८०च्या निवडणुकीत काँग्रेस (अर्स) पक्षाने २० जागा जिंकल्या आणि ते विजयी आमदार इंदिरा गांधींच्या काँग्रेसमध्ये गेले. मगोला अवघ्या सात जागा मिळाल्या. थोड्याच काळात ताई काँग्रेसमध्ये गेल्या, त्यांच्यासोबत सातपैकी पाच आमदारही. गोवा तेव्हा केंद्रशासित प्रदेश होता आणि तिथे दिल्लीच्या मर्जीविना फारसे काही हलत नसे, हे त्यांच्या बाजूने म्हणता येते. पण ते सात मतदारसंघ काँग्रेसची लाट असतानाही मगोपाशी राहिले होते. हरल्यावरही साथ न सोडणाऱ्या मतदारांना न विचारता त्यांचे प्रतिनिधी दुसरीकडे गेले. ताई एकट्या गेल्या असत्या तर तो त्यांच्या मताचा प्रश्न राहिला असता. तेव्हा पक्षांतरबंदी कायदा नव्हता. तो १९८५मध्ये आला, आणि दोनतृतीयांश आमदार गेले तर ते विलीनीकरण मानण्याच्या त्याच्या मापात सातपैकी पाच बसतात. कायद्याच्या नजरेत जे विलीनीकरण ठरते, ते मतदाराला फसवणूक वाटू शकते, आणि त्या वाटण्याला उत्तर देणे नेत्याचे कर्तव्य असते.

रमाकांत खलप आणि बाबुसो गावकर हे दोघे आमदार मगोतच राहिले आणि पक्ष जगला. ताई काँग्रेसमध्ये रमल्या नाहीत. बाहेर पडून त्यांनी भाऊसाहेब बांदोडकर गोमंतक पक्ष काढला. वडिलांचे नाव सोबत होते, पण मतदार आला नाही. अखेर त्या मगोत परतल्या. परत येण्याला धैर्य लागते, कारण आपण गेलो होतो हे सगळ्यांना आठवत असते.

१९९०मध्ये आघाडी सरकारात त्या शिक्षणमंत्री झाल्या. ते सरकारही काँग्रेसमधून फुटलेल्यांच्या साथीने उभे राहिले होते, हे नोंदवायलाच हवे. त्याच काळात प्राथमिक शाळांना अनुदान मराठी-कोकणीसारख्या भारतीय भाषांच्या माध्यमालाच देण्याचे धोरण ठरले. चर्चच्या अनेक शाळा त्यामुळे इंग्रजी सोडून कोकणी माध्यमाकडे वळल्या.

२०११मध्ये काँग्रेस सरकारने इंग्रजी माध्यमालाही अनुदान खुले केले, तेव्हा पंचाहत्तरी ओलांडलेल्या ताई भारतीय भाषा सुरक्षा मंचाच्या अग्रभागी उभ्या राहिल्या. पुढच्या वर्षी भाजपचे सरकार आले आणि त्यानेही अनुदान चालू ठेवले, तरी ते बंद करण्याची मंचाची मागणी तीच राहिली. मराठी आणि कोकणी, एकेकाळी एकमेकींविरुद्ध लढलेल्या दोन्ही भाषांचे लोक तिथे एकत्र होते. २८ ऑक्टोबर २०१६ रोजी ताईंचे निधन झाले, तेव्हा हा वाद मिटलेला नव्हता.