भूतयज्ञ आणि उत्तरेचे अस्वल

गृहस्थाच्या घरी पाच ठिकाणी नकळत हिंसा घडते, असे आपल्या स्मृतिकारांनी सांगितले आहे. चूल, जाते, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा ही ती पाच ठिकाणे. यांवाचून संसार चालत नाही, आणि संसार चालवताना सूक्ष्म जीव मरतात. म्हणून गृहस्थाला नित्य पाच महायज्ञ सांगितले. भूतयज्ञ हा त्यांपैकी एक. जेवणापूर्वी गाईसाठी, कावळ्यासाठी, मुंगीसाठी काढून ठेवलेला घास ही त्याची घरोघरची साधी खूण. या व्यवस्थेतील एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. शास्त्रकारांनी गृहस्थाला चूल विझवण्यास सांगितले नाही. आणि तुझा हेतू वाईट नव्हता, एवढ्यावर त्याला मोकळेही सोडले नाही.

आता प्रश्न असा की, चुलीचा धूर जेथवर पोचतो तेथवर हे ऋणही पोचते काय? ज्या जीवाला आपण जन्मात पाहणार नाही, त्याच्या तोंडचा घास आपल्या संसारामुळे जात असेल, तर तेथे गृहस्थाचा धर्म कोणता?

उत्तर ध्रुवाभोवतीच्या समुद्रावर हिवाळ्यात बर्फाचा थर धरतो आणि उन्हाळ्यात तो ओसरतो. तेथील पांढरे अस्वल या बर्फावर जगते. त्याचे मुख्य अन्न सील नावाचा जलचर, आणि त्यातही सीलची चरबी. खुल्या पाण्यात सील त्याच्या हाती सहसा लागत नाही. परंतु सीलला श्वासासाठी बर्फातील भोकापाशी वर यावेच लागते, आणि तेथे अस्वल तासन्‌तास निश्चल बसून असते. वसंत ऋतूत सीलची पिल्ले बर्फावर असतात. त्या थोड्या आठवड्यांत अस्वल पुढील उपासाची पुंजी अंगात साठवून घेते. बर्फ लवकर फुटला की ही सुगी आखूड होते, आणि शरदात तो उशिरा धरला की उपास लांबतो. दोन्ही बाजूंनी कात्री लागते. आईच्या अंगची चरबी आटली की दूधही आटते, म्हणून पहिला घाव पिल्लांवर पडतो.

उपग्रहांद्वारे या बर्फाची अखंड मोजणी १९७९ पासून होत आहे. सप्टेंबरात बर्फ सर्वांत कमी असतो. २०१२ साली तो सुमारे ३४ लाख चौरस किलोमीटर एवढाच उरला होता. कॅनडातील हडसन उपसागराच्या पश्चिमेस १९८७ साली सुमारे १,२०० अस्वले होती. २०२१ च्या हवाई पाहणीत ती सुमारे ६०० भरली.

‘अस्वल सर्वभक्षी आहे, ते दुसरे काही खाईल,’ असे कोणी म्हणेल. याच प्रदेशात २०१९ ते २०२२ या काळात वीस अस्वलांच्या गळ्यात छायाचित्रण-यंत्रे बांधून शास्त्रज्ञांनी ते तपासले. अस्वलांनी रानफळे खाल्ली, गवत खाल्ले, पक्ष्यांचे मृत देहही खाल्ले. तरी वीसांपैकी एकोणीस अस्वलांचे वजन घटले, सरासरीने दररोज सुमारे एक किलो. अन्न शोधण्यात जेवढी शक्ती खर्चली, जवळजवळ तेवढीच त्या अन्नातून मिळाली.

अस्वलाला घास घालणे म्हणजे काय, हे आम्हा छत्तीसगडवासीयांना काहीसे ठाऊक आहे. महासमुंद जिल्ह्यात बागबाहराजवळ घुंचापाली येथील चंडीमातेच्या मंदिरात रानातील काळी अस्वले येतात आणि भाविकांच्या हातचा प्रसाद खातात. भाविकांच्या भावनेविषयी शंका नाही. तथापि वाळवी, मध, मोहाची फुले, तेंदू आणि बोरे हे त्या जीवाचे खरे अन्न, आणि ते अरण्यातच पिकते. उत्तरेच्या अस्वलाला तर प्रसादही पाठवता येत नाही. त्याच्या बाबतीत भूतयज्ञाचा मार्ग एकच उरतो, तो आपल्या उपभोगाला आवर घालण्याचा.

हे सेक्टर ६ मध्ये बसून लिहिताना संकोच वाटतो. ही सारी वसाहतच एका थोर चुलीभोवती वसली आहे. १९५५ साली सोव्हिएत देशाशी करार झाला, १९५९ मध्ये पहिली झोतभट्टी पेटली, आणि भिलाईने देशाला लोहमार्गाचे रूळ दिले. झोतभट्टीच्या मार्गाने एक टन पोलाद करताना साधारणतः दोन टनांहून अधिक कर्बवायू हवेत जातो. नॉट्झ आणि स्ट्रोव्ह या शास्त्रज्ञांनी २०१६ साली दाखवले की, अशा दर टन वायूमागे सप्टेंबरातील सुमारे तीन चौरस मीटर बर्फ नाहीसा होतो. म्हणजे एका टन पोलादामागे सहा चौरस मीटर.

यावर आक्षेप येतो, आणि तो पोकळ नाही. श्रीमंत राष्ट्रांनी आमच्या कितीतरी आधीपासून कोळसा जाळला. गरीब देशाने पूल आणि रूळ करूच नयेत काय? करावेत. रूळावरून जाणारा माल रस्त्याने जाणाऱ्या मालापेक्षा कमी इंधन खातो, हेही खरे. भगवंतांनी अठराव्या अध्यायात अग्नीबरोबर धूर असतोच असा दाखला देऊन सदोष असले तरी सहजकर्म टाकू नये, असे सांगितले आहे. मात्र कित्येक जण या वचनाचा आधार घेऊन धुराकडे पाहणेच सोडतात, ते मला मान्य नाही. कर्म टाकू नको याचा अर्थ दोष मोजू नको असा होत नाही. दुसऱ्याचे ऋण मोठे आहे म्हणून आपले फिटते, असे तर सावकारही मानत नाही.

तेव्हा आपल्या घरचा हिशेब पाहू. स्वयंपाकाच्या गॅसचा १४.२ किलोचा एक सिलिंडर जळला की बेचाळीस-त्रेचाळीस किलो कर्बवायू होतो. वरील मापाने त्याचा बर्फ जेवायला बसण्याच्या पाटाएवढा. येथे काटकसर सांगण्यात अर्थ नाही. लाकडाच्या धुराने घरातील स्त्रियांचे डोळे जात, ते या सिलिंडरने वाचवले. विजेची गोष्ट वेगळी. देशातील विजेच्या हजार युनिटांमागे सुमारे पाऊण टन वायू, म्हणजे दोन चौरस मीटरांहून अधिक बर्फ. घास काढून ठेवायचा तो येथून, माणूस उठून गेलेल्या खोलीत दुपारभर चालू राहिलेल्या वातानुकूलन यंत्रातून.