नोंद आणि नाते : कारक की ज्ञापक?

नोंदवहीत लिहिलेले नाते त्या नोंदीमुळे अस्तित्वात येते, की आधीच असलेले नाते नोंदीमुळे केवळ कळते, हा प्रश्न भारतीय तर्कपरंपरेतील एका भेदाच्या आधारे नेमका मांडता येतो. कार्य घडवून आणतो तो कारक हेतू; आधीच असलेल्या गोष्टीचे ज्ञान करून देतो तो ज्ञापक हेतू, जसा डोंगरावरील अग्नीचे ज्ञान करून देणारा धूर.

मुंबईपासून १९९८ साली वेगळ्या झालेल्या वसई धर्मप्रांतातील चर्चच्या नोंदवह्या या भेदाची कसोटी पाहतात. कॅथलिक धर्मसंहितेच्या (१९८३) ११२२व्या कलमानुसार विवाहाची नोंद वधूवरांच्या स्नानसंस्काराच्या, म्हणजे बाप्तिस्म्याच्या, नोंदीतही व्हावी लागते. त्यामुळे नंदाखालला स्नानसंस्कार झालेल्या मुलीचे लग्न पापडीला लागले, तर पापडीच्या धर्मगुरूंनी तसे नंदाखालला कळवायचे असते. मूळ नोंद पालक आणि तिच्यावर अवलंबून असलेली नोंद अपत्य, अशी डेटाबेसमधील तक्त्यांची जी रचना असते, तीच येथे दिसते. डेटाबेसमध्ये या दोहोंना जोडणाऱ्या रकान्यांचा प्रकार जुळावा लागतो आणि पालक तक्त्यातील त्या रकान्यांचा इंडेक्स, म्हणजे नोंद चटकन सापडावी म्हणून ठेवलेली क्रमवार सूची, जोडणीशी सुसंगत असावी लागते. वसईत एकाच गावात डाबरे, लोपीस, परेरा ही आडनावे वारंवार येत असल्याने आणि एका वहीतील ‘लोपीस’ दुसरीत ‘लोपेस’ होऊ शकत असल्याने, केवळ नावावर ही जोडणी उभी राहत नाही. धर्मग्राम (पॅरिश), वर्ष आणि नोंद क्रमांक मिळूनच ओळख पक्की होते.

तथापि साम्य येथेच संपते. पालक ओळ नसेल तर डेटाबेस अपत्य ओळ नाकारतो, कारण त्याच्यापुरती नोंद हीच वस्तू असते. धर्मसंहितेचे ८७६वे कलम मात्र, कोणाच्या हिताला बाध येत नसेल तर, एका निःशंक साक्षीदाराचे म्हणणे स्नानसंस्काराचा पुरेसा पुरावा मानते. वही हरवली म्हणून संस्कार पुसला जात नाही, आणि तो पुन्हा देताही येत नाही. तो झाला की नाही याविषयी गंभीर चौकशीनंतरही शंका उरली, तर तो सशर्त दिला जातो. म्हणजेच चर्चच्या दृष्टीने नोंद ज्ञापक आहे, कारक नव्हे.

व्यवहारात मात्र साक्षीदार हयात नसलेल्या माणसाला हा भेद फारसा तारत नाही. त्याच्यासाठी ज्ञापकच कारकाच्या जागी जाऊन बसतो. म्हणून नोंद नात्याची जननी नसली, तरी ती अचूक जुळवणे हे लेखनिकाचे केवळ कारकुनी काम न राहता नैतिक कर्तव्य ठरते.