दर्शन आणि सौदा

मराठीत 'जिवाची मुंबई करणे' असा एक वाक्प्रचार आहे. मनसोक्त चैन करणे, हा त्याचा रूढ अर्थ. पुण्यास किंवा रत्नागिरीस राहून चैन करता येत नाही असे नव्हे. तरी भाषेने या कामी मुंबईचीच योजना केली, याचे कारण केवळ त्या नगरीची श्रीमंती हे नसावे. आपणांस ओळखणारा कोणी नाही अशा ठिकाणी मनावरील दाब उतरतो, आणि घाटावरून व कोकणातून येणाऱ्या माणसास मुंबई हे पुष्कळ काळ असे ठिकाण होते. गोविंद नारायण माडगांवकर यांनी १८६३ साली 'मुंबईचे वर्णन' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. आपल्याच किनाऱ्यावरील शहराचे सविस्तर वर्णन आपल्याच भाषेत करून सांगावेसे वाटले, यावरून ते शहर मराठी वाचकास किती परके होते, हे दिसून येते.

जेथे ओळख नाही तेथे मनुष्याचे कर्तव्य कितपत उरते, हा नीतिविचारातील जुना प्रश्न आहे. तो तपासण्यास रणभूमी किंवा राजसभा नको. चार मित्र मिळून परके शहर पाहावयास निघाले आणि वाटेत त्यांनी बाजारहाट केला, एवढा साधा प्रसंग पुरेसा आहे.

एकटा प्रवासी आणि मित्रांसह निघालेला प्रवासी यांत मोठे अंतर असते. एकट्यास शहराशी बोलावेच लागते. वाट विचारावी लागते, चुकल्यास पुन्हा विचारावी लागते. मित्रमंडळी मात्र आपला गाव बरोबर घेऊनच फिरते. तिची थट्टा, तिचे मानापमान, तिची साक्ष ही सर्व तिच्यासवे चालत असतात, आणि भोवतालचे शहर नाटकातील पडद्याप्रमाणे मागे उभे राहते. म्हणून मैत्रीसारखी उत्तम गोष्टही परक्यांच्या बाबतीत कधी कधी भिंतीचे काम करते.

आता या प्रवासातील दोन कृत्ये पाहू: एक प्रेक्षण, दुसरे खरेदी. लोकमत असे की, स्थळे पाहणे हे सुसंस्कृतपणाचे लक्षण आणि बाजारात रेंगाळणे हा कमी प्रतीचा छंद. आमचे मत याहून निराळे आहे. पाहण्यात घेणे असते, पण बहुधा देणे नसते. गेटवे ऑफ इंडियासारख्या वास्तूपुढे याने काही बिघडत नाही. ती कमान १९११ सालच्या राजाच्या आगमनाची स्मृती म्हणून योजिली गेली, १९२४ साली खुली झाली, आणि २८ फेब्रुवारी १९४८ रोजी इंग्रजांची अखेरची पलटण तिच्याच खालून जहाजावर चढली. दगडास कोणी कोणत्या भावनेने पाहिले याचे त्यास सुखदुःख नाही. भायखळ्याच्या राणीच्या बागेशेजारी १८७२ पासून उघडे असलेले वस्तुसंग्रहालय, म्हणजे आजचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय, तेथेही निरनिराळ्या धंद्यांतील माणसांच्या लहान मातीच्या मूर्ती मांडल्या आहेत. त्या कितीही वेळ न्याहाळाव्या. मूर्तीचा त्यात अपमान होत नाही.

परंतु तेथून निघून हीच मंडळी महालक्ष्मी स्थानकाजवळच्या पुलावर जातात आणि खाली धोबीघाटावर कपडे आपटणाऱ्या माणसांकडे त्याच डोळ्यांनी पाहतात, तेव्हा प्रश्न पालटतो. संग्रहालयातील मूर्ती मातीची होती. हा मनुष्य गुडघाभर पाण्यात उभा आहे. पाहणारा वर, पाहिला जाणारा खाली. पाहणाऱ्यास फुरसत, पाहिला जाणारा कामात. त्याने मान वर करून पाहिले तरी पुलावरच्या गर्दीस त्याची गणती नसते. येथे कोणी कोणाचे काही चोरीत नाही, हे खरे. तथापि एक मनुष्य दुसऱ्यास मूर्तीच्या पंक्तीस बसवितो, आणि हे कृत्य निर्दोष आहे असे आम्हांस म्हणवत नाही.

याच्या उलट बाजाराची तऱ्हा आहे. भुलेश्वरात किंवा मंगळदास मार्केटात विकणारा गिऱ्हाइकाकडे त्याच्याइतकेच, किंबहुना अधिक बारकाईने पाहतो. बोलण्याच्या हेलावरून गाव, पायातील वहाणेवरून ऐपत आणि कापडास हात लावण्याच्या रीतीवरून गरज तो ओळखतो. येथे दोन माणसे समोरासमोर असतात, दोघांनाही 'नाही' म्हणण्याचा अधिकार असतो. एवढ्यापुरता सौदा हा प्रेक्षणापेक्षा अधिक प्रामाणिक व्यवहार आहे, असे आम्ही समजतो.

मात्र समोरासमोर असणे म्हणजे समान असणे नव्हे. दादर स्थानकाच्या पश्चिमेकडील फुलबाजार पहाटेपूर्वीच भरतो. पहाटे झेंडूच्या टोपलीचा भाव विकणारा सांगतो. ऊन चढू लागले की तो घेणाराच सांगू लागतो, कारण फूल कोमेजत असते आणि गिऱ्हाइकास ते ठाऊक असते. घासाघिशीत दोन्ही बाजूंस सारखी मोकळीक असेल तर ती एक प्रकारची बोलाचालीच आहे, आणि तिच्यात गंमतही आहे. पण सौदा मोडल्यास एकाची केवळ हौस राहणार आणि दुसऱ्याची दिवसाची कमाई बुडणार असेल, तर तिला खेळ म्हणता येत नाही. त्यातही मित्र बरोबर असले म्हणजे प्रकरण अधिक बिघडते. एकटा असता ज्याने मुकाट्याने दहा रुपये अधिक दिले असते, तोच मनुष्य चौघांच्या देखत त्या दहा रुपयांसाठी तासभर झुंजतो. त्यास रुपये नको असतात, विजय हवा असतो; आणि विजयास प्रेक्षक लागतात. त्या प्रेक्षकांच्या करमणुकीचा खर्च विकणाऱ्याच्या पदरी पडतो.

यावर कोणी म्हणेल, विकणारे तरी काय कमी आहेत? परका दिसला की दुप्पट भाव सांगतात. हे खरे आहे, आणि त्याचे समर्थन करण्याचे कारण नाही. ज्यास पुन्हा भेटावयाचे नाही त्याच्याशी दोघेही सैल वागतात. घेणाऱ्यास दुकानाची लाज नसते, विकणाऱ्यास गिऱ्हाइकाची भीड नसते. यावर एकभाव हा उपाय सुचतो. पोरास पाठविले तरी आणि परका आला तरी किंमत तीच, ही न्यायाची मोठी पायरी आहे. सहकारी भांडारांनी कामगारांच्या वस्त्यांत ती रुजविली, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु एकभावाने अन्याय टळतो, ओळख होत नाही. लोअर परळास जेथे फिनिक्स गिरणीचे माग चालत, तेथे आज झगमगती दुकाने आहेत. त्यांत वस्तूवर किंमत छापलेली असते, कोणी कोणास फसवीत नाही आणि कोणी कोणाकडे पाहतही नाही. १९८२ सालच्या संपात सुमारे अडीच लक्ष गिरणीकामगार उतरले आणि त्यांतील पुष्कळांस पुन्हा कामावर जाता आले नाही, ही हकिकत त्या किमतीच्या चिठ्ठीवर कोठे लिहिलेली नसते.

मग शहरातील यजमान मित्राने काय करावे? त्याची स्थिती सर्वांत अवघड. पाहुणा त्याचा स्नेही, आणि विकणारीच्या टोपलीशी त्यास उद्या पुन्हा जावयाचे आहे. पाहुण्याच्या बाजूने अतोनात भांडावे तर शेजारधर्म सुटतो. गप्प बसावे तर मित्रधर्म. आमच्या मते त्याने कोणाचेही वकीलपत्र घेऊ नये, आणि दलालीही करू नये. रास्त भाव काय, तो दोघांच्या समक्ष मोठ्याने सांगावा. एवढ्याने वाद बहुधा मिटतो. जो मिटत नाही तो भावाचा नसून मानाचा असतो.

यजमानाचे आणखी एक काम आहे, ते सांगण्याचे. महात्मा जोतीबा फुले मंडई, म्हणजे जुने क्रॉफर्ड मार्केट, १८६९ साली बांधून झाले. तिच्या दारावर लॉकवुड किपलिंग यांनी योजिलेल्या शिल्पपट्टांत शेतकरी कोरलेले आहेत, आणि आज तिला 'शेतकऱ्याचा असूड' लिहिणाऱ्या पुरुषाचे नाव आहे. त्या शेतकऱ्यांखालून शिरून भाजीचा भाव पाडणाऱ्यास एवढे तरी ठाऊक असावे. लालबागचे उदाहरण याहून बोलके आहे. पेरू चाळीतील बाजार १९३२ साली बंद झाला तेव्हा तेथील कोळी व विक्रेते उघड्यावर बसू लागले. आपणांस कायमची जागा मिळावी म्हणून त्यांनी नवस केला, जागा मिळाली, आणि १९३४ साली त्यांनी बाजारातच गणपती बसविला. आज त्या राजापुढे लक्षावधी लोक रांगा लावतात. पण टोपली टेकण्यापुरती जागा मागणाऱ्यांचा तो देव आहे, हे जाणून परतणारे थोडे.

देवापुढे जाण्यास आपण 'पाहणे' म्हणत नाही, 'दर्शन' म्हणतो. देवानेही आपणांकडे पाहावे, ही त्या शब्दातील अपेक्षा आहे. शहर पाहण्याच्या सहलीसही आपण 'मुंबई-दर्शन' हेच नाव दिले आहे. ते सार्थ व्हावयाचे असेल तर परक्या शहरातील माणसाकडे पाहताना तोही आपणांस पाहत आहे, असे समजून वागावे लागेल. मग पुलावरून कोठवर पाहावे, टोपलीपुढे कोठवर ताणावे आणि मित्रांच्या हशास कोठे आवरावे, हे ज्याचे त्यास कळेल. आपणांस ओळखणारे कोणी नाही, हे चैनीस निमित्त होऊ शकते. कर्तव्यातून सुटका होण्यास ते पुरेसे कारण नाही.