सावलीतला नकार आणि लूथरनंतरचा प्रश्न

महात्मा गांधी 1936 मध्ये गांधी सेवा संघाच्या अधिवेशनासाठी तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातील सावलीला आले, तेव्हा गांधीवाद असे काही नाही आणि आपल्यामागे कोणताही पंथ उरू नये, असे त्यांनी कार्यकर्त्यांना बजावले. जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथरनेही 1522 मध्ये अनुयायांनी आपले नाव न लावता स्वतःला केवळ ख्रिस्ती म्हणवावे, असे निक्षून सांगितले होते. अशा साम्यावरून एक निष्कर्ष आपल्याकडे सर्रास काढला जातो, तो असा की मूळ पुरुष मोकळ्या मनाचा असतो, अनुयायी त्याची पोथी बांधतात, आणि लूथरनंतरचा प्रोटेस्टंट सिद्धांत हा या पोथीचाच इतिहास आहे. हा निष्कर्ष इतिहासाला धरून नाही.

पहिली फूट अनुयायांनी पाडलीच नव्हती. ऑक्टोबर 1529 मध्ये मारबुर्गच्या किल्ल्यात लूथर आणि झ्युरिकचा सुधारक झ्विंग्ली समोरासमोर बसले. पंधरापैकी चौदा कलमांवर त्यांचे एकमत झाले आणि सारे अडले ते प्रभुभोजनावर, म्हणजे ख्रिस्ताने अखेरच्या भोजनात घालून दिलेल्या भाकर-द्राक्षारसाच्या विधीवर. झ्विंग्लीच्या मते ती भाकर ख्रिस्तदेहाची खूण होती, तर लूथरने भाकरीला आपला देह म्हणणारे ख्रिस्तवचन खडूने टेबलावर लिहून ठेवले आणि त्याचा दुसरा कोणताही अर्थ तो ऐकून घेईना. दोघांनाही पोप अमान्य होता आणि बायबल प्रमाण होते. शास्त्र हाच अखेरचा अधिकार मानल्यावर त्याचा अर्थ कोणी ठरवायचा, हा प्रश्न धर्मसुधारणेच्या पोटातच होता. लूथरपंथीयांचे 1577 चे एकमतसूत्र किंवा स्कॉटलंडने 1647 मध्ये स्वीकारलेला वेस्टमिन्स्टरचा विश्वासनामा ही त्याला दिलेली प्रामाणिक उत्तरे होती.

तरीही टीकाकारांचे एक म्हणणे मान्य करावे लागते. देव तारणासाठी माणसे आधीच निवडतो आणि ती निवड माणसाच्या श्रद्धेवर अवलंबून नसते, असा निर्णय हॉलंडमधील डॉर्टच्या धर्मसभेने 1618-19 मध्ये दिला आणि तो न मानणाऱ्या सुमारे दोनशे पाळकांची पदे गेली. सिद्धांताला राजसत्तेचे बळ मिळाले की शोध थांबतो आणि शिक्षा सुरू होते.

हे तंटे विदर्भातही पोचले. पाळक नेमण्याचा जमीनदारांचा हक्क नाकारून 1843 मध्ये वेगळ्या झालेल्या स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे स्टीफन हिस्लॉप 1845 मध्ये नागपुरात आले. ही मंडळी पाळक आणि वडील यांच्या सभेने चालणारी, बिशप न मानणारी होती. चांद्यात मात्र त्याच स्कॉटलंडचे, बिशप मानणारे एपिस्कोपल चर्च काम करू लागले. परक्या भूमीतील भांडणाची सीमारेषा अशी चांदा आणि नागपूर यांच्यामध्ये ओढली गेली.

ती पुसण्याचा मोठा प्रयत्न नागपुरातच झाला. 29 नोव्हेंबर 1970 रोजी सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. बालकांचा बाप्तिस्मा आणि प्रौढपणी श्रद्धा कबूल करून घेतलेला बाप्तिस्मा हे दोन्ही प्रकार त्याने ग्राह्य धरले. कोणाची पाळकपदाची जुनी दीक्षा अपुरी होती याचा निवाडा न करता पाळकांनी परस्परांच्या मस्तकी हात ठेवले. मेथॉडिस्टांची एक मोठी शाखा ऐनवेळी बाहेर राहिली, म्हणून हा मेळ अपूर्णच म्हणावा लागतो. पण मारबुर्गला जे साधले नाही, ते म्हणजे मतभेद कायम ठेवून एका मंडळीत राहणे, येथे सिद्धांत म्हणून स्वीकारले गेले. लूथरनंतर प्रोटेस्टंट विचार गोठला असे लिहिणाऱ्यांनी आधी नागपूरचा हा करार वाचावा.