माफी कुणाच्या बापाची?

माफी ही चीज मालकीची असते. ज्याच्या पाठीवर वळ उठले, त्याच्या मालकीची. शेजाऱ्याचं येणं मी परस्पर माफ करू शकत नाही. मग सरकारला ते कसं जमतं? दक्षिण आफ्रिकेकडं बघा.

सप्टेंबर १९७७. स्टीव्ह बिको, वय ३०, पोलिसांच्या ताब्यात मेला. मेंदूला मार लागलेला असताना त्याला बेड्या घालून, नागडा, गाडीत टाकून हजारावर किलोमीटर प्रिटोरियाला नेला. चौकशीत मॅजिस्ट्रेट म्हणाला, दोष कुणाचाच नाही!

१९९४ ला वर्णभेदाचं राज्य गेलं. १९९५ च्या कायद्यानं सत्य आणि समेट आयोग आला. अध्यक्ष आर्चबिशप डेस्मंड टुटू. सौदा उघड होता. राजकीय हेतूनं गुन्हा केलात? सगळं खरं सांगा. खटला नाही, भरपाईचा दावाही नाही. बिकोच्या घरचे कोर्टात गेले : आमचा न्याय वाटणारे तुम्ही कोण? १९९६ ला घटना न्यायालयात ते हरले.

कुणी म्हणेल, बाबा रे, बंदुका गोऱ्यांच्या हातात होत्या. सौदा नसता तर रक्ताचे पाट वाहिले असते. खरंय. आपलं पोर कुठं पुरलंय हे काही आयांना त्या सौद्यामुळंच कळलं. हे मी झटकून टाकत नाही.

पण सौद्याची दुसरी बाजूही होती : जो खरं बोलणार नाही, त्याच्यावर खटला. सात हजारांवर अर्ज आले, त्यातल्या थोड्यांनाच माफी मिळाली. बिको प्रकरणातल्या पोलिसांना १९९९ ला ती नाकारली. पुढं काय? २००३ ला सरकार म्हणालं, पुरावा पुरेसा नाही. आयोगानं खटल्यासाठी धाडलेली तीनशेवर प्रकरणं बहुतेक धूळ खात पडली. पीडितांच्या हातावर एकदाच ३० हजार रँड टेकवले. बिकोची चौकशी पुन्हा उघडली ती २०२५ ला, ४८ वर्षांनी. तोवर त्या पोलिसांतले काही मरूनही गेले.

माझं म्हणणं एवढंच. सत्य सांगितलं की निम्मं देणं फिटतं. उरलेलं निम्मं बुडवून समेटाची भाषा करायची, म्हणजे मार खाल्लेल्यालाच पुन्हा सांगायचं, तू मोठ्या मनाचा हो. नाही म्हणायची सोय नसताना घेतलेली माफी ही वेठच. वेठ म्हणजे काय, ते आपल्याला कुणी शिकवायला नको.

म्हणून समेटाचा कागद कुणी पुढं केला, की सही करण्याआधी विचारा : यात जो नाही म्हणेल, त्याचं काय?